माणसाला माणूस

"पोरी, हितं माणसाला माणूस चालत न्हाई. ज्येचं कार्ड त्येनंच गळ्यात घालायचं," असं भामाबाईनं तिला कंपनीच्या गाडीत, सगळ्या बायांच्या देखत सांगितलं होतं. संयोगिता तेव्हा हसली होती. आदल्याच आठवड्यात पुढच्या सीटवरच्या बाईनं स्वतःच्या जागी जावेला पाठवलं होतं. जाऊबाई दिवसभर पट्ट्यापाशी उभी राहून, डाळिंबं सोलून, संध्याकाळी खुशाल घरी आली होती आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. त्याचीच गंमत गाडीत चालली होती.

"काकू, तोंड बांधल्यावर आपण सगळ्या सारख्याच की," संयोगिता म्हणाली. "कोण ओळखतंय?"

"कोन वळखत न्हाई, त्येच म्हनतो मी," भामाबाई म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

गाडीत परत हसणं सुरू झालं. संयोगिताच्या डोक्यातून ते तिथंच गेलं. तिच्या डोक्याला त्या वेळी दुसरी काळजी होती. घरी दहा महिन्यांची शर्वी सासूजवळ होती, आणि गेटावर फोन जमा केला की संध्याकाळपर्यंत पोरीचं काय चाललंय ते कळायची सोय नव्हती.

माळवाडी कराडपासून फार लांब नाही. हायवेवर ही कंपनी यायच्या आधी गावात बायांचं काम म्हणजे रानातलं, आणि रानातलं काम म्हणजे पैऱ्याचं. आज माझ्या हळदीत भांगलण, उद्या तुझ्या भुईमुगात. पैशाचा व्यवहार नाही, हातांचा व्यवहार. जिचा पैरा फेडायचा राहिला असेल तिनं जायचं, आणि तिला जमलं नाही तर घरातलं दुसरं कुणी पाठवायचं. सून, नणंद, जाऊ, कुणीही. बांधावर एक माणूस येऊन उभं राहिलं की झालं. कोण आलं म्हणून कुणी विचारत नसे. माणसाला माणूस. नवखी बाई आली आणि तिची पात मागं राहिली, तर दोन्ही अंगाच्या बाया हात लांब करून तिच्या पातीतलं तण काढत तिला पुढं ओढून न्यायच्या. तेवढ्यात तिच्या माहेरची, नवऱ्याची, सासूची सगळी चौकशीही होऊन जायची.

मग दाण्यांची कंपनी आली. तिचं खरं नाव इंग्रजीत आणि लांबलचक, पण गावाच्या तोंडी दाण्यांचीच कंपनी. मक्याचे दाणे, मटार, डाळिंबाचे दाणे, सगळं सोलून, धुऊन, गोठवून परदेशी पाठवायचं. एसटीच्या थांब्यावर सकाळी गाडी यायला लागली. पहिल्या वर्षी ज्या चार-पाच बाया त्या गाडीत बसल्या त्यांच्याबद्दल गाव कुजबुजलं. दुसऱ्या वर्षी ज्या बसत नव्हत्या त्यांच्याबद्दल. नवऱ्याकडं हात पसरल्याशिवाय ज्यांना मीठसुद्धा आणता येत नव्हतं, त्या कराडात एटीएमच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. इकडं भांगलणीला बाई मिळेना, म्हणून ज्याच्या त्याच्या रानात तणनाशक फवारलं जाऊ लागलं. संयोगिताची सासू बनुबाई या गोष्टीवरून दिवसातून एकदा तरी कंपनीला शिव्या घालायची, आणि पाहुणी आली की तिलाच सांगायची, "आमची सून कंपनीत हाय. बी.कॉम. झालीया."

कंपनीतलं काम जड नव्हतं. ऊन नाही, चिखल नाही, काटा नाही. पण उभ्यानं. पट्टा सरकत राहायचा आणि त्याच्या चालीनं हात. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगावर पांढरा कोट, पायात गमबूट. बोलायचं नाही. लघवीला जायचं तर हात वर करून विचारायचं. बांगड्या आणि मंगळसूत्र आत न्यायला बंदी. पहिल्या दिवशी मंगळसूत्र काढायला निम्म्या बाया का-कू करत होत्या. सुपरवायझर ऋषिराज म्हणाला होता, "मावशी, दाण्यात एक मणी गेला तर आख्खा माल परत येतो. नवऱ्याला काय होत न्हाई, मालाला होतं."

हा ऋषिराज ठेकेदाराचा माणूस. बायासुद्धा कंपनीच्या नव्हेत, ठेकेदाराच्याच. गेटावर अंगठ्याचं मशीन होतं, पण अर्ध्या बायांचा अंगठा ते घेत नसे. खुरप्यानं आणि डाळिंबाच्या रसानं बोटांवरच्या रेघा राहिल्याच नव्हत्या. मग वॉचमन कंटाळून गळ्यातलं कार्ड बघायचा आणि सोडायचा. कार्डावर फोटो होता, पण फोटोतल्या बाईचं तोंड उघडं आणि समोरच्या बाईचं बांधलेलं.

संयोगिताला ऋषिराजनं एक आशा दाखवली होती. हंगाम संपला की माल तपासायच्या खोलीत एक शिकलेली बाई घेणार होते, आणि ती थेट कंपनीच्या हजेरीवर. खुर्चीवर बसायचं काम. "फक्त एक कर," तो म्हणाला होता, "तवर एकबी खाडा करू नकोस. खाडा झाला की साहेब नाव उडवतो." नवरा विश्वजीत फौजेत, पोस्टिंग राजस्थानात. तो फोनवर म्हणायचा, "नसंल झेपत तर सोड की." पण ती सोडणार नव्हती. पदवीचं सर्टिफिकेट कपाटात ठेवून ती चार वर्षं चुलीपुढं बसली होती. आता एक खुर्ची दिसत होती.

त्या दिवशी शर्वीला पहाटेपासून ताप होता. संयोगिताचा हात तिच्या कपाळावरून हलत नव्हता. पोरगी दूध ओढायची, सोडून द्यायची, परत रडायची. बनुबाईच्या मांडीवर तर क्षणभर टिकत नव्हती.

"जाऊ नगंस आज," बनुबाई म्हणाली. "माझ्यानं न्हाई सांबाळायची ही."

"खाडा पडतोय, आत्ती."

"मग पडू दे की खाडा. पोर मोठं का कंपनी मोठी?"

संयोगिता ओल्या फडक्यानं पोरीचे तळवे पुसत राहिली. ते बोलणं भिंतीपलीकडं शालूबाईनं ऐकलं. शालूबाई शेजारीण, पन्नाशीच्या घरातली, नवरा गेलेला. मुलगी पिंकी आष्ट्याला दिलेली, मुलगा पुण्याला. घरची थोडी हळद ती एकटीच करायची. ती परड्यातून आत आली आणि दारातूनच म्हणाली, "मी जातो की तुझ्या जागी. दानंच सोलायचं हायत न्हवं? भाकरी थापल्या हाताला काय अवघड हाय?"

"अहो, तसं चालत नाही काकी."

"का न्हाई चालत? परवा त्या पलीकडच्या आळीतली न्हाई का गेली जावंच्या कार्डावर? तू माझा पैरा समज. पावसाची उघडीप झाली की माझ्या हळदीत भांगलायला ये, फिटला."

"तुला खुरपं तरी धरता येतंय का गं?" बनुबाईनं सुनेला चिमटा काढला.

"येतंय की," संयोगिता म्हणाली. शाळेत असताना मामाच्या रानात एकदा धरलं होतं, तेवढंच. पण एवढ्या बोलण्यात तिचं मन वळलंसुद्धा होतं. तिनं दाराच्या खिळ्यावरचं कार्ड काढलं.

मग घाईघाईत शिकवणी झाली. संयोगिता हुशार, एकेक गोष्ट नीट सांगत गेली. कार्ड उलटं धरायचं, म्हणजे वॉचमनला फोटो दिसत नाही. फोन गेटावरच्या खणात ठेवायचा. टोपीत केस सगळे गेले पाहिजेत. मास्क नाकावर. भामाबाईच्या शेजारची जागा. पांढरे दाणे वेगळे, फुटलेले वेगळे.

"संयोगिता म्हणून हाक आली की नुसता हात वर करा. बोलू नका. आवाजावरून कळेल."

"सं-यो-गि-ता," शालूबाईनं म्हणून बघितलं. "लय लांब नाव ठिवलंय गं तुझ्या आईबानं. हाक मारूस्तवर मानूस पुडं निगून जाईल."

"आणि जेवताना मास्क काढावा लागतो. तेव्हा कॅन्टीनमध्ये बसू नका. कोल्ड स्टोरेजच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीला सावली असते. तिथं एकट्याच बसा."

"आनी जेवायचं कवा, कळायचं कसं?"

"सगळ्या उठतील की. तेव्हा तुम्ही मागं जायचं."

शालूबाईनं फडक्यात भाकरी-चटणी बांधली, कार्ड ब्लाउजात खोचलं आणि निघाली. गाडी सुटल्याचा आवाज आल्यावर संयोगिताचा जीव भांड्यात पडला. खाडा टळला होता.

दुपारच्या आत शर्वीचा ताप उतरला. पोरगी घामेजली, दूध प्याली आणि आईच्या कुशीत झोपली. संयोगिता तिच्या छातीची वरखाली मोजत पडून होती. तेवढ्यात फोन वाजला. ऋषिराज. आपण सापडलो, असंच तिला वाटलं. पोरगी उठू नये म्हणून ती तोंडावर हात धरून बोलली, "हॅलो?"

पलीकडं गलका होता. कुणीतरी ओरडत होतं, गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "संयोगिता ना? बरी हायस न्हवं?"

आपण कामावर आहोत असंच त्याला वाटायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. "हो, हो. बरी आहे."

"बास. लांबच थांब मग, आत येऊ नगंस," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

बनुबाई दळण निवडत बसली होती. "कुनाचा गं?"

"सुपरवायझरचा. बरी आहेस का विचारलं."

"तुला?" बनुबाईचा हात सुपातच थांबला. "तू तर त्येंच्या लेखी कामावर हायस न्हवं? मग फोन करून कशाला इचारतोय? समोर जाऊन बघंल की."

संयोगिता उठून बसली. लांब थांब. आत येऊ नको. म्हणजे सगळ्या बाहेर आल्यात. कशामुळं तरी सगळ्यांना बाहेर काढलंय, आणि जी दिसत नाही तिला तो फोन करून विचारतोय. संयोगिता दिसली नाही म्हणून त्यानं संयोगिताला विचारलं. आणि ती बरी आहे म्हणाली.

तिनं शालूबाईला फोन लावला. रिंग जाऊन जाऊन कुणीतरी उचलला. "कोन पायजे?" पुरुषाचा आवाज. "मी वॉचमन बोलतोय. ह्यो फोन खनातच हाय बाई. सगळ्या आपापलं उचलून गेल्या, ह्यो एवढाच वाजतोय. अमोनिया सुटलाय हितं, ठिवा."

अमोनिया म्हणजे काय हे संयोगिताला माहीत होतं. कामावर घेताना अर्धा दिवस बसवून सांगितलं होतं. गोठवायच्या पाइपांतून तो फिरतो. फुटला तर डोळे आणि छाती जाळतो. भोंगा झाला की हातातलं टाकायचं आणि पुढच्या दारानं गेटाकडं पळायचं. मागच्या बाजूला कधीही जायचं नाही, कारण तिकडून बाहेर पडायला वाट नाही. हे सगळं तिला पाठ होतं. सकाळी तिनं शालूबाईला पांढरे आणि फुटलेले दाणे वेगळे करायलासुद्धा शिकवलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

तिनं भामाबाईला फोन केला. भामाबाई खोकत खोकत बोलली. "आमी समदी हायवेच्या पल्याड हाय. तुज्या जागी कोन हुती गं ती? माज्या शेजारीच उबी हुती. भोंगा झाला तशी आमी पुडं पळालो. मला वाटलं, मागनं आली."

"काकू, ऋषिराजकडं फोन द्या. पळत जा."

भामाबाई पळाली. फोनमधून तिच्या चपलांचा आवाज येत होता. मग ऋषिराजचा आवाज आला, "आता काय?"

"मी आत नव्हते. मी घरी आहे. माझ्या कार्डावर आमच्या शेजारच्या शालूबाई आल्या होत्या. त्या आत आहेत."

तो अगदी हळू बोलला. "गप. कंपनीचं साहेब हितं उबं हायत. आमची सगळी बाहेर आली म्हनून सांगितलंय मी आत्ताच. ती गेली आसंल घरला."

"गेली असेल तर बरंच. पण फायरवाल्यांना सांगा ना."

"काय सांगू? दुसऱ्याच्या कार्डावर बाई आत सोडली म्हनून सांगू? तुजं जाईल, माजं जाईल, समद्या बायांची गाडी बंद हुईल. उगं घाबरं हुऊ नगंस. बघतो मी."

त्यानं फोन परत भामाबाईच्या हातात दिला. बघतो म्हणणारा माणूस बघत नाही, हे संयोगिताला गेल्या दोन हंगामांत कळलं होतं. समोर शर्वी झोपेत हातपाय ताणत होती. खुर्ची, खोली, हजेरी, एवढं सगळं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. नाही आलं असं म्हणता येणार नाही.

"काकू, लाल गाडीवाल्यांपैकी कुणीही दिसेल त्याच्या कानाला फोन लावा."

"माजंबी कार्ड जाईल गं पोरी," भामाबाई म्हणाली. पण चपलांचा आवाज परत सुरू झाला होता. ती वाटेत कुणाला तरी ओरडली, "आरं सोड मला, हात नगं लावू!" मग फोन स्पीकरवर गेला आणि एक दमलेला आवाज म्हणाला, "बोला, लवकर."

संयोगितानं आपलं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव सगळं सांगितलं. "ज्या बाईला तुम्ही बाहेर आली म्हणून धरलंय ती मी. मी आलेच नव्हते. माझ्या जागी आलेली बाई आत आहे. कोल्ड स्टोरेजच्या मागं कंपाउंडच्या भिंतीपाशी बघा. तिथं कुणी जात नाही, पण ती तिथंच असणार. मीच तिला तिथं बसायला सांगितलंय."

"नक्की?"

"नक्की."

फोन बंद झाला. बनुबाईनं न विचारता शर्वीला उचलून घेतलं होतं. पोरगी जागी झाली होती आणि आज्जीच्या खांद्यावर गप्प होती. संयोगिता दारात उभी राहिली. आळीत कुणाच्या तरी मोबाइलवर कंपनीचा व्हिडिओ आला होता. पांढरा धूर, तोंडाला ओढण्या बांधून पळणाऱ्या बाया. माणसं गोळा होऊन बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आपल्या गावची समदी बाहेर आल्यात म्हनं." संयोगिता म्हणाली, "नाही आल्या." सगळे तिच्याकडं बघायला लागले, आणि तिनं तिथंच, आळीत उभं राहून, सगळं सांगितलं.

शालूबाई तिथंच सापडली. भिंतीच्या कोपऱ्यात पालथी, कोट डोक्यावरून ओढून, तोंड गवतात खुपसून. जवळ फडकं सोडलेलं, भाकरीचा एक तुकडा मोडलेला. श्वास चालू होता. गॅसचे मास्क लावलेल्या दोघा फायरवाल्यांनी तिला ओढत बाहेर आणलं आणि कराडच्या दवाखान्यात नेलं.

आत का राहिलीस, हे तिला डोळ्यांवरची पट्टी निघायच्या आधीच लोकांनी विचारलं. ती म्हणाली, "भोंगा झाला न्हवं? जेवायची सुट्टी झाली."

तिच्या जन्मात भोंगा एकच. साखर कारखान्याचा. त्याच्यावर तिच्या सासऱ्यानं औत सोडलं, तिच्या नवऱ्यानं गाळपाच्या हंगामात पाळी बदलली, तिनं स्वतः कालवणाची फोडणी टाकली. सगळ्या पंचक्रोशीला घड्याळाच्या आधी भोंगा आला. भोंगा झाला की माणसं काम टाकून घाईनं उठतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बाया पुढं पळताना तिनं बघितल्या. भुका लागल्यात, असं तिला वाटलं. तिला मागं जाऊन बसायला सांगितलं होतं, ती मागं जाऊन बसली. वास आला तेव्हा औषध फवारतात तसं काहीतरी असेल म्हणून तिनं पदर नाकाला लावला. मग डोळे उघडेनात, आणि ज्या वाटेनं आली तिकडूनच धूर येत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. सर्व कामगार सुखरूप. ते खोटंही नव्हतं. शालूबाई कामगार नव्हतीच. ज्या बायांना मळमळलं, डोळे चुरचुरले, त्यांना कंपनीनं तपासून आणलं, दोन दिवस भरपगारी सुट्टी दिली. शालूबाईबद्दल ठेकेदार म्हणाला की दुसऱ्याचं कार्ड चोरून आत शिरलेल्या बाईची जबाबदारी आपल्यावर कशी? संयोगिता त्याच्या ऑफिसात जाऊन म्हणाली, "चोरलं नाही. मी दिलं." तिचं नाव त्याच दिवशी उडालं. ऋषिराज तिथंच बसला होता. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुला खुर्ची मिळत हुती गं. गप बसली आसतीस तर."

"गप बसले असते तर तुम्हाला खांदा द्यावा लागला असता," ती म्हणाली.

भामाबाईनं मात्र जबाब दिला. मी तिला बघितलं, ती माझ्या शेजारी उभी होती, सकाळपासून माझ्याबरोबर दाणे सोलत होती, एवढंच तिनं सांगितलं. काम केलेल्या बाईला कामगार म्हणायचं का कार्ड असलेल्या बाईला, यावर साताऱ्याला कामगार कोर्टात अर्ज पडलाय. संयोगिता तारखेला जाते, शर्वीला कडेवर घेऊन. भामाबाईला पट्ट्यावरून काढून क्रेट धुवायला लावलंय. गेटावर आता कॅमेरा बसवलाय. बाया रांगेनं येतात, एकेक जण मास्क खाली करून त्याला तोंड दाखवते आणि आत जाते. भोंगा कशाचा असतो ते आता गाडीतच सगळ्यांना सांगतात म्हणे.

उघडीप झाल्यावर संयोगिता खुरपं घेऊन शालूबाईच्या हळदीत गेली. सोबतीला कुणी नव्हतं. सगळ्या गाडीनं गेल्या होत्या. तिची पात वाकडी गेली आणि हाताला फोड आले. बनुबाई नातीला घेऊन बांधावर बसून होती. "मुळासकट काड. वरनं खुडू नगंस, परत येतंय," असं ओरडत राहिली, आणि दिवस कलला तेव्हा पोरीला बांधावर बसवून स्वतःच गुडघे धरत पातीत उतरली. एवढं करून निम्मंसुद्धा झालं नाही. तेव्हा आळीतला एकजण म्हणाला, औषध मारून टाकतो की. संयोगितानं त्याला नको म्हणून सांगितलं. औषधाचा वास तिला आता सोसत नाही.

शालूबाई घरी आली, पण चुलीच्या धुरात तिला दम लागायला लागला. म्हणून पिंकीनं तिला आष्ट्याला नेलं. एका डोळ्यावर पांढरट पडल्यासारखं झालंय. डॉक्टरांनी थेंब दिलेत, ते दिवसातून चार वेळा न चुकता घालायचे आहेत आणि महिन्यानं छाती तपासायची आहे. संयोगिता रोज फोन करते.

"काकी, कशा आहात?"

"बरी हाय की. मला काय झालंय?"

"थेंब घालता ना?"

"घालतो की."

"दम?"

"न्हाई बा. तुजी पोर कशी हाय? रांगती का?"

आणि मग शर्वीचंच बोलणं होतं. रांगते, उभी राहते, आज्जीची काठी ओढते. मध्येच शालूबाई फोन बाजूला धरते. किती वेळ धरते ते संयोगिता ऐकत राहते. पिंकी दिवसभर कामाला जाते, तिथल्या एका शिलाईच्या कारखान्यात. नवरा ड्रायव्हर आहे. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात शालूबाई एकटीच. तारखा, पोरीची दुखणी आणि घर यात संयोगिताला महिन्यातून एकदाच जाणं जमतं. गेली की शालूबाई तोंड धुऊन, वेणी घालून, दारात उभी असते, कारण संयोगिता येणार हे तिला आधी कळलेलं असतं.

म्हणून आष्ट्याकडं जाणारं कुणीही दिसलं की संयोगिता त्याला थांबवते. एसटीच्या थांब्यावर, दवाखान्यात, लग्नात. तुमचं तिकडं जाणं-येणं असेल तर तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे. बाजारपेठेच्या मागं पिठाची गिरणी आहे, गिरणीच्या बोळात शिलाईवाल्या पिंकीचं घर कुठलं विचारा, कुणीही दाखवील. आधी फोन करू नका. दुपारच्या वेळी जा, पिंकी कामावर असताना. शालूबाई तुम्हाला बरी हाय म्हणेल, चहा टाकते म्हणेल. टाकू द्या. ती उठताना दाराच्या चौकटीला धरते का ते बघा, खिडकीतल्या थेंबांच्या बाटलीच्या झाकणाचं सील फोडलंय का ते बघा, आणि निघालात की माळवाडीला कळवा.